सराउंड मिक्स फसलाय की आपली मांडणी? अल्बमला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

सहा महिने मी एका अल्बमच्या नावानं बोटं मोडत होते. जुना, स्टिरिओत मला तोंडपाठ असलेला अल्बम, ५.१ मध्ये (भोवताली पाच स्पीकर, शिवाय खोल खर्जाचा एक वेगळा चॅनेल) नव्यानं मिक्स होऊन आला म्हणून हौसेनं घेतलेला. पहिल्याच गाण्यात खटकलं. मागून येणारा कोरस नेमका कुठून येतोय ते कळेना. आवाज होता, पण कानांत दडे बसल्यासारखा, डोक्याभोवती कुठेतरी तरंगणारा आणि बिनवजनाचा. ‘कुणी केलंय हे मिक्स?’ असं मी भेटेल त्याला विचारायचे. मग एके दिवशी धूळ पुसायला मागचा डावा स्पीकर उचलला आणि पाहिलं, तर लाल रेघेची वायर काळ्या टर्मिनलात. माझ्याच हातानं बसवलेली. ती बदलली आणि कोरस मुकाट्यानं माझ्या खांद्यांमागे जाऊन उभा राहिला.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण सगळा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारायचंही कारण नाही, कारण अंगण खरोखरच वाकडं असलेले अल्बम पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की बसल्या जागी दोन्ही प्रकार सारखेच ऐकू येतात. म्हणून आधी घरच्या चुका निस्तरायच्या आणि मग मिक्सला बोल लावायचा.

मुळात सराउंड वाजतंय ना?

प्रश्न बाळबोध आहे, पण ‘अगदीच पुचाट मिक्स’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटल्या. हायब्रिड मल्टिचॅनेल एसएसीडीवर (सुपर ऑडिओ सीडीवर) साध्या सीडीचा एक थर असतो, शिवाय एसएसीडीचा स्टिरिओ भाग आणि मल्टिचॅनेल भाग वेगवेगळे असतात. प्लेअरच्या मेन्यूत स्टिरिओला पसंती दिलेली राहिली असेल, तर तो काही न सांगता स्टिरिओच वाजवतो. आणि रिसीव्हरवर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल:एक्ससारखा अपमिक्स मोड (स्टिरिओवरून बाकीचे चॅनेल बनवणारा) चालू असेल, तर मागूनही काहीतरी येत राहतं. म्हणजे ऐकता तुम्ही रिसीव्हरचा अंदाज आणि शिव्या खातो मिक्स करणारा इंजिनिअर.

तेव्हा गाणं चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर सिग्नल कसला येतोय ते वाचा. ‘पीसीएम २.०’, म्हणजे न दाबलेला दोनच चॅनेलचा आवाज, दिसलं, की पुढची सगळी चर्चा फुकट. ऑप्टिकल वायरीतून स्टिरिओ पीसीएम जातं, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखं दाबून बसवलेलं ५.१, अनेक चॅनेलचं पीसीएम त्यातून जात नाही. एचडीएमआयमध्ये डीव्हीडी-ऑडिओची सोय १.१ या आवृत्तीत आली आणि एसएसीडीवरच्या डीएसडी या ध्वनिप्रकाराची १.२ मध्ये, त्यामुळे जुन्या उपकरणांच्या जोडीत नुसती वायर जुळून भागत नाही. टीव्हीमार्गे रिसीव्हरकडे आवाज नेत असाल तर साधा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून रिसीव्हरकडे नेणारी सोय) डॉल्बी डिजिटल प्लसमधलं ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची सराउंड पद्धत) नेऊ शकतो, पण ब्लू-रेवरच्या ट्रूएचडीसाठी, म्हणजे डॉल्बीच्या काही न गमावता दाबलेल्या प्रकारासाठी, ईएआरसी ही सुधारित आवृत्तीच लागते.

फाइलींवरून ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, चॅनेलच्या क्रमाचा. वेव्ह आणि फ्लॅक या फाइलप्रकारांत क्रम असतो डावा, उजवा, सेंटर, एलएफई (खोल खर्जाचा वेगळा चॅनेल), मागचा डावा, मागचा उजवा. चित्रपटवाल्यांचा क्रम डावा, सेंटर, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी एलएफई. रूपांतर करताना हे दोन क्रम एकमेकांत मिसळले, की गायक उजव्या स्पीकरात जातो, मागच्या डाव्या बाजूची गिटार सबवूफरच्या पोटात गुडूप होते आणि एलएफईची गुरगुर मागच्या उजव्या कोपऱ्यातून ऐकू येते. असं काही ऐकू आलं तर ते ‘धाडसी प्रयोग’ वगैरे नसतं.

नव्वदच्या दशकातल्या डीटीएस सीडी साध्या प्लेअरच्या स्टिरिओ आउटपुटवर लावल्या तर नुसता खरखराट येतो. व्हॉल्यूम आधी खाली आणा, मग प्रयोग करा. संगणकावरून त्याच वाजवताना सॉफ्टवेअरचा आवाज शंभर टक्क्यांवर आणि सॅम्पल रेटचं रूपांतर बंद हवं. मधे एक बिट जरी हलला तरी रिसीव्हरला तो डीटीएस म्हणून ओळखू येत नाही.

अंतर आणि लेव्हल

खरी मेख इथे आहे. बहुतेक खोल्यांत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि मागचे स्पीकर जवळजवळ कानाला लागलेले. समजा पुढचे स्पीकर ३ मीटरवर आहेत आणि मागचे १.२ मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मागचा आवाज पुढच्यापेक्षा ५ मिलिसेकंदांहून थोडा आधी पोचला. कानाची खोड अशी, की तोच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोचला त्याची दिशा तो खरी धरतो. त्यात मोकळ्या जागेत एवढ्या अंतराच्या फरकानं मागचा आवाज ८ डेसिबलनं मोठा लागतो; बंद खोलीत भिंतींमुळे फरक काहीसा कमी होतो, पण उरतो. इंजिनिअरनं मागे हलकेच ठेवलेला टॅम्बोरिन मग तुमच्या कानशिलात वाजतो आणि तुम्ही म्हणता, मिक्स उथळ आहे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. टेप घ्या, बसल्यावर डोकं जिथे येतं तिथून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा, रिसीव्हरमध्ये भरा. मग टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकरची लेव्हल त्याच जागेवर सारखी करा. घरी ७५ डेसिबल धरायची पद्धत आहे, पण आकड्यापेक्षा सगळे सारखे असणं महत्त्वाचं. स्वयंचलित कॅलिब्रेशनचा माइक वापरणार असाल तर तो ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला लावा. सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला माइक सोफ्याची पाठच मोजतो.

इथे चित्रपटांची सवय आडवी येते. चित्रपटांचा आवाज ज्या मोठ्या स्टुडिओ-थिएटरांत मिक्स होतो, तिथे सराउंडची प्रत्येक बाजू पडद्यामागच्या चॅनेलपेक्षा ३ डेसिबल खाली लावायची प्रथा आहे: पडद्याला ८५, तर सराउंडला ८२. संगीताच्या स्टुडिओत सगळे स्पीकर एकाच पातळीवर असतात. एका पद्धतीच्या खोलीत केलेलं काम दुसऱ्या पद्धतीच्या खोलीत वाजलं, की मागची बाजू ३ डेसिबलनं चुकते. कानाला हा फरक चांगला जाणवतो. तेव्हा संगीतासाठी मागचे स्पीकर वेगळे लावून ते सेटिंग साठवून ठेवण्यात काही गैर नाही. चित्रपटांसाठी घेतलेले डायपोल स्पीकर मात्र संगीताला नकोच. त्यांचं कामच आवाज भिंतींवर पसरून दिशा पुसणं हे आहे, आणि मागे ठेवलेला ऑर्गन एका जागी दिसावा ही तर आपली अपेक्षा.

जागेचंही तसंच. ५.१ साठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत पुढचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरासे मागे. सत्तरच्या दशकातले क्वाड्राफोनिक (चार चॅनेलचे) मिक्स मात्र चौरसाच्या चार कोपऱ्यांसाठी केलेले असतात. मागचे स्पीकर १३५ अंशांच्या आसपास. जुनं क्वाड आजच्या मांडणीवर वाजवलं, की मागची मंडळी कडेला सरकतात. आणि क्वाडच्या काळातच एक गोष्ट कळून चुकली होती: पुढच्या आणि मागच्या स्पीकरच्या मधोमध, बरोबर कानाच्या रेषेत एखादं वाद्य ‘भासवणं’ फार अवघड असतं. समोर दोन स्पीकरांमध्ये गायक छान उभा राहतो. कडेला तो उडी मारतो, कधी पुढे, कधी मागे. ही आपल्या कानांची मर्यादा आहे.

फेजची परीक्षा, पाच मिनिटांची

माझ्या सहा महिन्यांची किंमत वसूल व्हावी म्हणून हे सांगते. फेज जुळणं म्हणजे सगळ्या स्पीकरांचे पडदे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जाणं. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरची वायर काढा आणि दीड व्होल्टच्या साध्या सेलचं धन टोक लाल टर्मिनलला, ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर ठीक, आत गेला तर आत कुठेतरी उलटापालट आहे. वायरीच्या दोन्ही टोकांना रेघ एकाच बाजूला आहे का तेही पाहा. सेलचा खटाटोप नको असेल, तर एकाच माणसाचं बोलणं मागच्या दोन्ही स्पीकरांतून समान लावा. बोलणारा पाठीमागे मधोमध उभा राहिला पाहिजे. तो खोलीभर विरघळला असेल तर वायर तपासा.

खर्ज कुठे गेला?

सबवूफर आणि एलएफई चॅनेल ही एकच गोष्ट आहे असं समजणं हा सर्वांत पसरलेला गैरसमज. एलएफई हा ‘.१’चा वेगळा ट्रॅक, १२० हर्ट्झच्या खालचा, मुळात चित्रपटांतल्या धडाक्यासाठी केलेला. संगीताच्या मिक्समध्ये तो रिकामा असला तरी काही बिघडत नाही. बेस गिटार मुख्य चॅनेलांतच असते आणि ती सबवूफरकडे वळवायचं काम रिसीव्हरच्या बेस मॅनेजमेंटचं.

आता कल्पना करा, इंजिनिअरनं बेस गिटार चारही कोपऱ्यांत वाटली आहे. तुमचे मागचे स्पीकर तळहाताएवढे, १५० हर्ट्झच्या खाली मान टाकणारे. रिसीव्हरमध्ये ते ‘लार्ज’, म्हणजे सगळा खर्ज झेपणारे, म्हणून नोंदवलेत. मागे गेलेला खर्ज कुणीच वाजवत नाही. तो हवेत विरतो. ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा, फारच छोटे असतील तर १२० वर. शिवाय बऱ्याच रिसीव्हरांत ‘प्युअर डायरेक्ट’ किंवा डीएसडी थेट वाजवण्याच्या मोडमध्ये बेस मॅनेजमेंट पूर्ण बंद होतं. शुद्धतेच्या नादात पाया काढून टाकायचा आणि मग घर हलतं म्हणून रडायचं, असा तो प्रकार. जुन्या प्लेअरच्या सहा ॲनालॉग वायरी वापरत असाल तर एलएफईची लेव्हल १० डेसिबल कमी राहिलेली असू शकते. रिसीव्हरमध्ये त्यासाठी वेगळी वाढ द्यावी लागते.

गायक गायब, किंवा गायक फोनवर

सेंटर स्पीकर नसेल तर रिसीव्हरला तसं सांगा, म्हणजे तो सेंटरचा आवाज पुढच्या दोघांत वाटून देईल. सांगितलं नाही तर घरबसल्या कॅराओके. सेंटर आहे पण पुढच्या दोघांपेक्षा वेगळ्या जातीचा आणि चिमुकला आहे, तर गायक फोनवरून गातोय असं वाटेल. त्यापेक्षा तो बंद ठेवलेला बरा. रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ किंवा डायनॅमिक रेंज दाबणारी सोय चालू राहिली असेल, तर गाण्यातली चढउतार सपाट होते आणि त्याचंही खापर मिक्सवर फुटतं.

हेडफोनवर निकाल देऊ नका

ॲटमॉस संगीत २०१९ मध्ये टायडल आणि ॲमेझॉनवर आलं आणि २०२१ मध्ये ॲपल म्युझिकवर. तेव्हापासून सराउंड मिक्स ऐकणाऱ्यांत हेडफोनवालेच फार. आणि ‘स्टिरिओच बरं होतं’ असं म्हणणारेही तेच. त्यातली एक बाब अगदी साधी आहे. ॲटमॉस संगीतासाठी सरासरी पातळी उणे १८ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककाच्या) वर न्यायची नाही असा दंडक आहे. आजकालचे स्टिरिओ मास्टर त्याहून बरेच मोठे असतात. एकावरून दुसऱ्यावर उडी मारली, की जे मोठं वाजतं ते जास्त जिवंत वाटतं. तुलना करायचीच असेल तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या.

दुसरी बाब तशी हातातली नाही. हेडफोनमध्ये दिशा भासवण्यासाठी एका सर्वसाधारण डोक्याचं आणि कानाचं मोजमाप वापरतात. तुमचा कान त्या मापात बसला तर उत्तम, नाहीतर गायक कपाळात शिरतो आणि ड्रम ओल्या भिंतीमागे जातात. मिक्स करणारा प्रत्येक घटकाला डॉल्बीच्या हेडफोन रेंडररसाठी (ही दिशा भासवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) ‘जवळ’, ‘मध्यम’, ‘दूर’ अशी खूण देऊ शकतो, पण ॲपल म्युझिक स्वतःचा रेंडरर वापरतं. परिणामी तेच मिक्स दोन सेवांवर दोन तऱ्हेनं ऐकू येतं. फोनवर स्टिरिओलाच त्रिमितीय करणारी सोय चालू असेल तर तिसरी तऱ्हा. असल्या ऐकण्यावरून अल्बमचं वाभाडं काढणं म्हणजे झेरॉक्स पाहून चित्राचे रंग ठरवणं.

आता मिक्सची उलटतपासणी

घर नीट लागलं. तरीही अल्बम निराशच करतो. मग ॲम्प्लिफायर बंद करून पुढचे तिन्ही स्पीकर सोडवा आणि फक्त मागचे ऐका. माझी ही लाडकी परीक्षा आहे, कारण इथे लपायला जागा नसते. मागून स्वतंत्र भाग ऐकू आले, म्हणजे दुसरी गिटार, कोरस, एखादी तंतुवाद्यांची ओळ, तर कुणीतरी बसून विचार केलेला आहे. पुढचंच सगळं गाणं थोडं उशिरा, थोडं घुमवून ऐकू आलं, तर तो भित्रा मिक्स तरी आहे किंवा स्टिरिओवरून यंत्रानं फुगवलेला. अपवाद मैफलीच्या आणि ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणाचा: तिथे मागून सभागृहाचा घुमारा आणि टाळ्याच यायला हव्यात.

फाइल हाताशी असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. सहा लाटा एकाखाली एक दिसतात. सेंटर सरळ रेघ असेल तर तो कोरा ठेवलाय. काही चांगले इंजिनिअर मुद्दाम तसं करतात. मागच्या दोन लाटा पुढच्यांची बुटकी सावली दिसल्या, तर समजून जा.

मूळ मल्टिट्रॅक टेप (वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या) हरवल्या किंवा खराब झाल्या, की हल्ली सॉफ्टवेअरनं तयार गाण्यातून वाद्यं वेगळी काढतात. काम चांगलं झालं तर कळतही नाही. वाईट झालं तर झांजा पाण्याखाली वाजतात आणि गायकाच्या ‘स’च्या मागे दुसऱ्या कुठल्या वाद्याचं भूत ऐकू येतं. हे भूत पुढून झाकलं जातं, पण फक्त मागचे स्पीकर चालू असताना हमखास पकडता येतं.

टेप शाबूत असूनही काही मिक्स पांगतात, आणि हा दोष मला सर्वांत जास्त छळतो. स्टिरिओत बहुतेकदा अख्खं गाणं शेवटी एकाच कॉम्प्रेसरमधून (मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्रातून) जातं; ड्रमचा ठोका पडला की बाकी सगळं क्षणभर त्याच्यापुढे झुकतं. त्या झुकण्यालाच आपण ‘बँड एकत्र वाजतोय’ असं म्हणत असतो. सराउंडमध्ये, विशेषतः ॲटमॉसमध्ये, वाद्यं सुटी सुटी वस्तू म्हणून खोलीत ठेवली जातात आणि तो धागा तुटतो. प्रत्येक वाद्य स्वच्छ, आणि गाणं मात्र शेजारशेजारच्या खोल्यांत चाललेल्या रियाझासारखं. तसाच दुसरा दोष सेंटरला कोरडा, एकटा टाकलेला गायक: प्रत्येक श्वास आणि प्रत्येक जोड उघडा पडतो. फिरणाऱ्या गिटारी आणि डोक्यावरून उडणाऱ्या टाळ्यांबद्दल काय बोलायचं. पहिल्यांदा गंमत वाटते.

मोठ्या लोकांच्या हातूनही हे होतं. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चं ॲटमॉस मिक्स करणारा जाइल्स मार्टिन २०२१ मध्ये स्वतःच म्हणाला, की ते आपल्याला बरोबर वाटत नाही, त्यात खर्ज आणि वजन कमी पडतंय, ते बदलणार आहे. शिवाय एकाच अल्बमचे वेगवेगळे सराउंड अवतार असतात. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चा क्वाड मिक्स ॲलन पार्सन्सचा, २००३ च्या एसएसीडीवरचा ५.१ मिक्स जेम्स गथ्रीचा, आणि दोघांची मांडणी वेगळी. म्हणून ‘त्या अल्बमचा सराउंड वाईट आहे’ असं म्हणण्याआधी कोणता, कुणाचा, कधीचा हे डिस्कच्या वेष्टनावर वाचावं.

वाईट मिक्स चांगला होत नाही, पण सुसह्य होतो. भित्र्या मिक्सला मागचे स्पीकर २ डेसिबल वर, आगाऊ मिक्सला तेवढेच खाली. कोरडा गायक टोचत असेल तर सेंटर बंद करून तो आवाज पुढच्या दोघांत वाटा. खोलीची थोडी ऊब मिळते. पांगलेल्या मिक्सवर माझ्याकडे इलाज नाही. तो मी स्टिरिओतच ऐकते.

आणि हो, तो सुरुवातीचा अल्बम. वायर सुलट झाल्यावर पुन्हा नीट ऐकला. कोरस झकास आहे. पण तिसऱ्या गाण्यातला मागचा डफ खरंच जरा जास्त आहे, आता ठाम सांगते. डिस्कच्या डबीवर मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय: मागे उणे २.